आठला वीस, तर चोवीसला किती?

"साठ," चौकशीसाहेब म्हणाले आणि कागदावरच्या आकड्याभोवती त्यांनी गोल काढला. गोल इतका नीटस, जणू त्यालाही वेगळे गुण मिळणार होते.

डेपोतल्या प्रशिक्षणाच्या खोलीत चौघंच होते. टेबलापलीकडे साहेब. अलीकडे आई, इस्त्रीच्या गणवेशात, दोन्ही हात मांडीवर, स्टेअरिंग धरल्यासारखे. तिच्या शेजारी तिच्याच बसचे कंडक्टरकाका. आणि मागच्या बाकावर दप्तर कवटाळून बसलेली आईची लेक, इयत्ता दहावी. हिला अख्खा डेपो 'भोंगा' म्हणायचा, कारण ही फाटकातून आत यायच्या आधी हिचा आवाज आत यायचा.

आज भोंग्याला ताकीद होती. चौकशीला घरचं एक माणूस सोबत बसू शकतं, पण तोंड उघडू शकत नाही, असा नियम. घरात दुसरं माणूस होतंच कुठे? म्हणून शाळेतून थेट ही आली होती आणि गेला अर्धा तास ओठ दाबून बसली होती. तिच्यासाठी हा एक विक्रमच होता.

"साठ कसे, साहेब?" आईने विचारलं. "मी चाळीसवर होते. काटा बघितलाय मी."

"काटा तुम्ही बघितलात. मी नाही. वेग नोंदवणारं यंत्र बंद."

"ते दोन महिने बंद आहे. मी तीनदा लिहून दिलंय."

"दिलंयत, मान्य. पण त्याने वेग कळत नाही ना, बाई."

झालं होतं असं. चार दिवसांपूर्वी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, उभ्या टेम्पोच्या आडून एक आजोबा अचानक रस्त्यात उतरले. आईने ब्रेक मारला. बस आजोबांच्या छत्रीपासून हातभर अंतरावर थांबली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही, पण बसमध्ये उभ्या असलेल्या एका प्रवाशाचं मनगट मोडलं आणि त्याने तक्रार केली. औषधाच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं: आजोबांचा पाय रस्त्यावर पडला तेव्हा बस कुठे होती आणि शेवटी कुठे थांबली. साहेबांनी स्वतः जाऊन टेप धरली होती. चोवीस मीटर. त्या रस्त्याला चाळीसची मर्यादा. चाळीसच्या वर निघालं, तर आईचं स्टेअरिंग कायमचं गेलं. मग पुन्हा बस धुण्याच्या फलाटावर, जिथून नऊ वर्षांपूर्वी ती परीक्षा देऊन बाहेर पडली होती.

"सोपं त्रैराशिक आहे," साहेब म्हणाले. "सोमवारच्या चाचणीत तुमचीच बस. वीसला आठ. बरोबर?"

"बरोबर," कंडक्टरकाकांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

वीसला आठ म्हणजे काय, हे या डेपोत झाडूवालीलासुद्धा ठाऊक. यार्डात जमिनीवर एक पांढरा पट्टा होता. दर सोमवारी प्रत्येक बस ताशी वीसच्या वेगाने त्यावर यायची. पुढचं चाक पट्ट्याला लागलं की शिट्टी, शिट्टी ऐकली की ब्रेक, आणि चाक पट्ट्यापुढे किती गेलं ते टेपने मोजायचं. यार्ड छोटं, म्हणून वीसच्या वर जायला मनाई. वर्षानुवर्षं सगळे वीसलाच मोजत आले होते, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा पाठ. वीसला आठ मीटर. त्याच्या पुढचं मोजायची वेळच कुणावर आली नव्हती.

"आठ मीटरला वीस, तर चोवीस मीटरला किती? आठ त्रिक चोवीस. अंतर तिप्पट, म्हणजे वेग तिप्पट. साठ." साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते काही खाष्ट नव्हते. साहेब व्हायच्या आधी बावीस वर्षं त्यांनीही बसच चालवली होती, आणि हे लिहिताना त्यांना गोड वाटत नव्हतं. "मी हे टाइपला देतो. पंधरा मिनिटांत येईल. मग सही करा. नंतर वर अपील करता येतं."

दार बंद झालं. आई खिडकीबाहेर यार्डाकडे बघत राहिली.

"अपील!" कंडक्टरकाका पुटपुटले. "अपिलाचा निकाल लागेपर्यंत माझे उरलेले चार केसही जातील."



भोंगा समोरच्या भिंतीकडे बघत होती. रडू येऊ नये म्हणून ती नेहमी काहीतरी वाचत बसायची. औषधाची बाटली, साबणाचं वेष्टन, मिळेल ते. भिंतीवर जुन्या निळ्या रंगात काहीतरी रंगवलेलं होतं. निम्मं लोखंडी कपाटामागे गेलेलं, निम्म्याचे पोपडे निघालेले. कपाटाच्या कडेपाशी तिला एवढंच दिसलं: *वेग × वेग*.

वेग गुणिले वेग?

ती उठली, कपाट आणि भिंत यांच्या फटीत गाल घालून एका डोळ्याने वाचायला लागली.

"काय गं, पाल आहे का?" काका म्हणाले.

"काका, हे काय लिहिलंय? 'थांबण्याचं अंतर मीटरमध्ये. वेगाचा पाचवा भाग, अधिक, वेग गुणिले वेग भागिले शंभर.'"

"ते होय? ते शिकाऊ लोकांसाठी होतं. आमच्याकडून घोकून घेतलं होतं. परीक्षा झाली, विसरलो."

"पहिला तुकडा डोक्याचा," आई खिडकीकडूनच म्हणाली. "दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत बस जेवढी जाते तो. दुसरा ब्रेकचा. दाबल्यावर जेवढी जाते तो."

भोंग्याने वहीचं मागचं पान उघडलं. वीस घालून बघितले. विसाचा पाचवा भाग चार. वीस विसा चारशे, भागिले शंभर, चार. चार आणि चार आठ.

वीसला आठ! बरोब्बर!

भिंत खोटं बोलत नव्हती. आणि भिंत जर खरी, तर साहेबांचं त्रैराशिक इथे चालणारच नव्हतं. त्रैराशिक चालतं ते सरळ वाढणाऱ्या गोष्टींना: दोन वह्यांना इतके, तर सहा वह्यांना किती. इथे वेग स्वतःलाच गुणत होता. गणिताच्या बाई गेला महिनाभर फळ्यावर हेच तर दाखवत होत्या. अज्ञात संख्या स्वतःच्याच गळ्यात पडलेली दिसली की समजायचं, हे वर्गसमीकरण. आतापर्यंत ती असली समीकरणं फक्त पुस्तकात, पाच पाचच्या गटात भेटली होती. हे पहिलंच, जे आईच्या मानेवर बसलं होतं.

"किती मिनिटं झाली?"

"चार," काका म्हणाले. "का गं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. वेगाला तिने 'व' म्हटलं. अंतर चोवीस. सगळ्याला शंभरने गुणलं की अपूर्णांक पळाले.

व² + २०व − २४०० = ०

आता अवयव. अशा दोन संख्या, ज्यांचा गुणाकार उणे चोवीसशे आणि बेरीज वीस. ऐंशी आणि तीस? नाही, फरक पन्नास पडतो. पन्नास आणि अठ्ठेचाळीस? फरक दोनच. साठ आणि चाळीस! अधिक साठ, उणे चाळीस. बेरीज वीस. जमलं! पेन्सिल धावायला लागली. एक साठ, एक उणे चाळीस. वेग उणे कसा असेल? बस काही मागे येत नव्हती. उणे चाळीसवर काट मारली.

उरले साठ.

पेन्सिल थांबली.

साठ. साहेबांचेच साठ. त्यांनी चुकीच्या रस्त्याने जाऊन आणलेले, आणि ती बरोबर रस्त्याने जाऊनही तेच घेऊन आली होती.

तिचे कान गरम झाले. त्या दिवशी साडेपाचला शाळेत पालकसभा होती. सकाळी डबा भरताना तिनेच बजावलं होतं, "आज उशीर केलास ना, तर बघ. मी बोलणारच नाही तुझ्याशी." आणि आई पाच वाजता त्या रस्त्यावर होती. शेवटच्या फेरीला. घाईत. कुणामुळे घाईत?

"काय आलं?" आईने विचारलं.

"अजून... अजून झालं नाही."

आईने तिच्याकडे बघितलं. एकदाच, आरशात मागची गाडी बघावी तसं, आणि पुन्हा तोंड खिडकीकडे केलं. काही विचारलं नाही, काही समजावलंही नाही.

वही मिटून दप्तरात टाकावी, कुणाला काही कळणार नाही, असं भोंग्याला वाटलं. कळणार कसं? तिघांत गणित येणारी ती एकटीच. साहेबांचा कागद येईल, आई सही करेल, आणि हे पान ती घरी जाऊन फाडेल. पण मग आयुष्यभर आईच्या प्रत्येक "मी चाळीसवर होते"ला तिला मान डोलवावी लागेल आणि मनात साठ म्हणावं लागेल.

"नऊ मिनिटं," काका म्हणाले. ते आता न विचारताही सांगायला लागले होते.

बाहेर व्हरांड्यात बूट वाजले. पुढे गेले. साहेबांचे नव्हते.

गणिताच्या बाईंची एक खोड होती. कुणी उत्तर सांगितलं की त्या म्हणायच्या, "आत नको घेऊस त्याला. दारातच उभं कर आणि विचार, तू खरंच या घरचा का?" म्हणजे ताळा कर. उत्तर परत समीकरणात घाल. भोंगा ताळा कधीच करायची नाही. उत्तर आलं की हात वर, हे तिचं तंत्र. मागच्या चाचणीत त्यापायी सहा गुण गेले होते, आणि बाईंनी लाल शाईत दार काढून त्यावर कुलूप काढलं होतं.

आज मात्र तिला साठला दारात उभं करायचं होतं. नुसतं विचारायला नाही, हाकलायला.

साठचा पाचवा भाग, बारा. साठ साठा छत्तीसशे, भागिले शंभर, छत्तीस. बारा आणि छत्तीस, अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस? चोवीस कुठे?

तिने पुन्हा केलं. पुन्हा अठ्ठेचाळीस. साठने जाणारी बस चोवीस मीटरवर थांबूच शकत नव्हती. आजोबांना ओलांडून ती आणखी तितकीच पुढे गेली असती! तिने डोळे मिटले. ती हातभर अंतरावरची छत्री दिसली, आणि ती उघडून आजोबा घरी गेले होते.

म्हणजे साठ या घरचा नव्हता. मग घुसला कुठून?

पेन्सिलीचं टोक एकेक ओळ चढत वर गेलं. अवयव. अधिक साठ, उणे चाळीस. तिने कंसच लिहिले नव्हते! संख्या सापडल्या आणि तिने त्यांनाच उत्तर समजून घरात घेतलं. आता लिहिले.

(व + ६०)(व − ४०) = ०

दोघांपैकी एक कंस शून्य व्हायला हवा. पहिला शून्य व्हायला व उणे साठ लागतो. दुसरा शून्य व्हायला अधिक चाळीस. चिन्हं उलटायची राहिली होती. काट मारायची ती साठवर!

चाळीसचा पाचवा भाग, आठ. चाळीस चाळिसा सोळाशे, भागिले शंभर, सोळा. आठ आणि सोळा...

दार उघडलं.

"घ्या," साहेबांनी टाइप केलेला कागद आईसमोर ठेवला. "खाली, उजवीकडे."

आईने पेन उचललं.

"आई, सही करू नकोस!"

खिडकीच्या काचा थरथरल्या, असं कंडक्टरकाका पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

"मुली," साहेब म्हणाले, "तुला बोलायची परवानगी नाही."

"साहेब, ती बोलत नाहीये," काका घाईघाईने म्हणाले. "भोंगा आहे तो. वाजतो."

"चोवीस!" भोंगा वही घेऊन टेबलापाशी पोचलीसुद्धा होती. "आठ आणि सोळा चोवीस. चाळीसलाच चोवीस मीटर लागतात, साहेब. साठला अठ्ठेचाळीस लागले असते. तुमचं त्रैराशिक इथे लागू नाही. वेगाचा वर्ग आहे यात. हे बघा, तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

साहेबांनी वही बघितली. भिंत बघितली. खोडलेले साठ, खोडलेले उणे चाळीस, वर चढवलेले कंस, सगळं बघितलं.

"इथे आधी तुझेही साठच आलेले दिसतात."

भोंग्याचा आवाज एका पट्टीने खाली आला. "हो. मी चिन्ह उलटायला विसरले. पण ताळा केला तेव्हा बसले नाहीत ते."

"भिंतीवर काय, काहीही लिहिलेलं असतं. मी बावीस वर्षं चालवलीय गाडी. वेग दुप्पट तर अंतर दुप्पट, सरळ गोष्ट आहे."

"मग तिसाला किती?" तिने विचारलं. "तुमच्या हिशोबाने. शिट्टी झाल्यापासून."

"वीसला आठ, म्हणजे दहाला चार. तिसाला बारा."

"माझ्या हिशोबाने पंधरा. सहा आणि नऊ. तिसापर्यंत यार्ड पुरेल. बस बाहेरच उभी आहे."

आईने पेन खाली ठेवलं. फार आवाज न करता, पण ठेवलं.

"आणि चालवणार कोण?" साहेब म्हणाले. "तुझी आई? उद्या कुणी म्हणेल, मुद्दाम उशिरा दाबला ब्रेक."

"तुम्ही चालवा."

कंडक्टरकाकांना ठसका लागला. साहेबांनी चष्मा नाकावर नीट बसवला. यार्डाकडे बघितलं.

"किल्ली द्या," ते आईला म्हणाले.

यार्डातून माणसं बाजूला केली गेली. पांढऱ्या पट्ट्यापासून टेप सोडली गेली. बारा मीटरवर खडूने एक रेघ, पंधरावर दुसरी. काकांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि पट्ट्याशी उकिडवे बसले. भोंगा पंधराच्या रेघेपाशी उभी राहायला निघाली.

"मागे हो," आई म्हणाली. "आपलं गणित खरं असलं तरी बससमोर उभं राहत नाहीत."

'आपलं' म्हणाली. भोंग्याने ते ऐकलं.

यार्डाच्या टोकाला बस वळली. साहेबांचं तोंड काचेमागे एवढंसं दिसत होतं. आणि मग भोंग्याला धडकी भरली. भिंतीवरचं सूत्र जुनं होतं. कुठल्या काळातल्या बसचं, कुणाला माहीत? वीसला जुळलं, म्हणून तिसाला जुळेलच का? बस बाराला थांबली तर? मग साठ तिनेच, स्वतःच्या हाताने, आईच्या नावावर पक्के केले असं होईल. अपीलसुद्धा उरणार नाही.

इंजिन गुरगुरलं. बस येताना वीसच्या बसपेक्षा कितीतरी मोठी वाटली. पुढचं चाक पट्ट्याला लागलं.

शिट्टी.

ब्रेकची हवा फुसकारली. साहेबांनी पाय दाबून धरला होता, बावीस वर्षांचा पाय, हे बाहेरूनही कळत होतं. बसचं नाक खाली वाकलं होतं. चाक बाराच्या रेघेपाशी आलं. तिथे थांबावं म्हणून साहेब सीटवर मागे रेलले होते, दात आवळून. चाक रेघेवर आलं. रेघ पुसत पुढे गेलं. तेरा. चौदा. आणि पंधराच्या रेघेच्या चार बोटं अलीकडे, एक आचका देऊन, थांबलं.

काकांच्या तोंडात शिट्टी तशीच होती, आणि श्वासाबरोबर ती बारीक चिवचिवत होती.

साहेब खाली उतरले. वाकून चाक बघितलं. पुसलेली बाराची रेघ बघितली.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा झालं. या वेळी चाक पंधराच्या रेघेच्या पंजाभर पुढे गेलं. बाराला ते दोन्ही वेळा नुसतं भेटून निघून गेलं होतं.

साहेब बसच्या पायरीवर बसले. घाम पुसला. "बावीस वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. "पायाला माहीत होतं हो. चाळीसला मी कधी पुढच्या गाडीच्या फार जवळ जात नव्हतो. हिशोब करायला बसलो आणि विसरलो." मग त्यांनी टाइप केलेला कागद मागवला, साठवर आडवी रेघ मारली, आणि शेजारी हाताने लिहिलं: वेग चाळीस, मर्यादेत. खाली सही केली. आईची नाही, स्वतःची. "उद्या तुमची पहिली फेरी कितीची?"

"सहा दहाची," आई म्हणाली.

"मग घरी जा, झोपा. नाही, थांबा. आधी ते कपाट हलवू या."

प्रशिक्षणाच्या खोलीतलं लोखंडी कपाट चौघांनी मिळून ढकललं. काका ढकलण्यापेक्षा ओरडण्याचं काम जास्त करत होते. आई आणि भोंगा एका बाजूला, खांद्याला खांदा लावून.

"आई," भोंगा हळूच म्हणाली. तिला हळू बोलता येतं, हे डेपोत कुणालाच माहीत नव्हतं. "मला आधी साठ आले होते. आणि मी... मला खरे वाटले."

"दिसलं मला."

"मग काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मी चाळीसवर होते. तू पोचायची राहिली होतीस, एवढंच." आईने कपाटाला पुन्हा खांदा दिला. "आणि पालकसभेला उशीर झाला म्हणून चार दिवस तोंड फुगवून बसलीस, ते आता संपलं का?"

"संपलं."

"मग ढकल नीट. नुसती टेकून काय उभी राहिलीस!"